वृद्धिघटकाचा संदेश वाढूनही हाडे आखूड का राहतात?

शिक्षिका, फोंडा
नमस्कार. मी उच्च माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र शिकवते. अकाँड्रोप्लेशिया या हात-पाय आखूड ठेवणाऱ्या जनुकीय विकाराचा विषय निघाला असता एका विद्यार्थिनीने फार नेमका प्रश्न विचारला. फायब्रोब्लास्ट वृद्धिघटक अनेक पेशींना विभाजनास प्रवृत्त करतात. मग त्यांचा संदेश स्वीकारणारा एफजीएफआर-३ हा ग्राही या विकारात गरजेपेक्षा अधिक क्रियाशील असताना मांडीचे आणि दंडाचे हाड आखूड कसे राहते? मुलांपुढे अर्धवट उत्तर ठेवायचे नाही, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अस्थिरोगतज्ज्ञ, म्हापसा
बाई, एकाच संदेशाला निरनिराळ्या पेशी निरनिराळा प्रतिसाद देतात. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची (लवचीक, मऊ ऊतीची) ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड वाढवणारी चकती, असते. तिच्यातील पेशी विभागतात, नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात, मग कित्येक पटींनी फुगतात, आणि त्यांनी तयार केलेल्या सांगाड्यावर पुढे नवे हाड बसते. लांबीतील मोठा वाटा या फुगण्याचा असतो. शिकवताना नेमका हाच भाग निसटतो. कूर्चापेशीत एफजीएफआर-३ दोन्ही टप्प्यांना आवर घालतो: पेशीच्या आत संदेश पोहोचवणाऱ्या दोन साखळ्यांपैकी स्टॅट-१ मार्गाने विभाजन थांबवतो आणि मॅप-कायनेज मार्गाने पेशी पक्व होऊन फुगणे रोखतो. १९९४ साली उजेडात आलेल्या उत्परिवर्तनात या प्रथिनातील ३८०व्या स्थानी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनिन येते, त्यामुळे हा आवर प्रमाणाबाहेर वाढतो. याउलट, १९९६ मध्ये या ग्राहीचे जनुक निकामी केलेल्या उंदरांची हाडे नेहमीपेक्षा लांब वाढल्याचे दिसले. माझ्या मते हाच पुरावा निर्णायक आहे.

शरीरक्रियाशास्त्राच्या अध्यापिका, मडगाव
डॉक्टरांच्या उत्तराला थोडी जोड देते. वाढीला चालना देणारे घटकही तिथेच काम करतात. वृद्धिसंप्रेरक यकृताकडून आयजीएफ-१ हा इन्शुलिनसारखा वृद्धिघटक तयार करून घेते, शिवाय ग्रोथ प्लेटवर थेटही परिणाम करते. १९८२ मध्ये पियूषिका ग्रंथी (वृद्धिसंप्रेरक तयार करणारी) काढलेल्या उंदरांच्या एकाच पायाच्या ग्रोथ प्लेटमध्ये हे संप्रेरक टोचले, तेव्हा त्याच बाजूचे हाड अधिक वाढले. सी-प्रकारचे नेट्रियुरेटिक पेप्टाइड हे शरीरातील छोटे प्रथिन तर वर सांगितलेला मॅप-कायनेज मार्गच अडवते. त्यावर आधारित व्होसोरिटाइड या औषधाला २०२१ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. ते रोज टोचावे लागते, आणि चाचणीत औषध न मिळालेल्या मुलांपेक्षा वर्षाला सरासरी सुमारे दीड सेंटिमीटर अधिक वाढ दिसली.

शिक्षिका, फोंडा
दोघांचेही मनःपूर्वक आभार. हे औषध वाढ पूर्ण झाल्यावर घेतले तर उपयोग होईल का?

अस्थिरोगतज्ज्ञ, म्हापसा
नाही. पौगंडावस्थेच्या अखेरीस, मुलग्यांमध्येसुद्धा, इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या प्रभावाने ग्रोथ प्लेटचे हाडात रूपांतर होते. इस्ट्रोजेनचा ग्राही निकामी असलेल्या एका २८ वर्षांच्या पुरुषाच्या ग्रोथ प्लेट तोपर्यंत उघड्याच होत्या, हे १९९४ मध्ये नोंदले गेले. प्लेट मिटल्यावर संदेश ऐकणारी कूर्चापेशीच तिथे उरत नाही. उंची वाढवण्याच्या पावडरींवर पैसे घालवणाऱ्या पालकांनाही हे अवश्य सांगावे, आणि मुलाच्या वाढीची शंका असल्यास प्लेट उघड्या असतानाच त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवण्यास सुचवावे.