रंगाआधी सीटपोस्ट बघा

जुनी रोड बाइक, म्हणजे पातळ टायरची सायकल, नव्यानं उभी करायची तर फ्रेम थेट पावडर कोटिंगला द्या, असं कुणी कुणी सुचवतं. अहो, रंगाची एवढी घाई कशाला? आधी सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, फ्रेमच्या नळीत हलतोय का बघा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत स्टीलच्या नळीत अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट असा काही धरून बसतो की विचारू नका! बोल्ट सैल करून कडेनं गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग सीट धरून पिळा. निघाला की आत सढळ हातानं ग्रीस.

चाकं बदलायची असतील, तर २७ इंचीच्या जागी ७००सी मापाची चालतील. रिमचा व्यास ६३० ऐवजी ६२२ मिमी, म्हणजे ब्रेकपॅड फरकाच्या निम्मे, ४ मिमी खाली सरकायला हवेत. ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा आहे ना, पाहा. मागचा हब (चाकाचा मधला भाग) मात्र रुंदी मोजूनच घ्या. हबसाठी १२६ मिमी जागा असलेल्या स्टील फ्रेममध्ये १३० मिमीचा हब फ्रेम थोडी ताणून बसतो, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग नको.