मासिकाची वर्गणी भरावी, की आवडेल तो अंक सुटा घ्यावा?

रानवाट: वाङ्मयीन मासिक वर्गणी भरूनच वाचावं, असं माझं ठाम मत आहे. सुटा अंक आपण अनुक्रमणिका बघून, ओळखीचं नाव दिसलं तर उचलतो. वर्गणीदाराच्या घरी न मागितलेलंही येतं, आणि खरा आनंद तिथेच आहे. पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली धुळ्याहून 'कवितारती' सुरू केलं. कविता आणि कवितेविषयीचं लेखन, बाकी काही नाही. नावही कधी ऐकलं नव्हतं असे किती कवी मला त्यात भेटले! 'ललित'चं तसंच. १९६४ पासूनचं मासिक. त्यात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या टोपणनावाने साहित्यिकांची फिरकी घेत. ते लेखन पुस्तकात सलग वाचलं तरी आवडतं, पण ते महिन्याच्या अंतराने वाचण्यासाठीच लिहिलेलं आहे.

कातळ: अजिबात पटलं नाही. अशा निष्ठेमुळे संपादक सैलावतात. वर्गणी आधीच जमा, मग अंक उशिरा येवो की अर्धा भरताड असो, विचारणार कोण? आणि निष्ठावंत वाचकांचं एक बंद वर्तुळ होतं. 'सत्यकथा' या वाङ्मयीन मासिकाचा दबदबा केवढा होता, तरी १९६९ साली बंडखोर लेखक राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी त्याचा अंक जाळला. ज्यांचं जगणं त्या अभिरुचीत बसत नव्हतं, त्यांनी काय करायचं होतं?

रानवाट: राग रास्तच होता. पण पुढे काय झालं तेही बघा. लघुअनियतकालिकं, म्हणजे बंडखोर लेखकांनी स्वतःच काढलेले, ठरावीक वेळ न पाळणारे छोटे अंक, भराभर निघाली आणि बहुतेक लवकर थांबली. गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' मात्र औरंगाबादहून अनेक दशकं निघत राहिलं. दलित लेखकांची एक आख्खी फळी त्यातून पुढे आली. त्याचे लेखक-वाचक मेळावे भरत. बांधलेला वाचक प्रस्थापितांनाच लागतो असं नाही, बंडखोरांना तर जास्तच लागतो.

ओसरी: तुमच्या वादात गावाकडचा वाचक कुठेच नाही. आमच्या तालुक्याला दिवाळी अंक तेवढे विकायला येतात. एरवी पोस्टमन हाच आमचा पुस्तकविक्रेता. सुटा अंक चाळून घ्यायची चैन पुण्या-मुंबईची.

कातळ: हे मान्य. पण मग कागदाचाच आग्रह का? 'साधना' साप्ताहिकाने जुने अंक संकेतस्थळावर ठेवलेत, गावात फोनवर वाचता येतात.

ओसरी: जुने वाचतोच. पण पुढचा अंक छापायला पैसे कुठून येणार? फुकट वाचणाऱ्यांच्या जिवावर नवा कवी छापला जात नाही.

कातळ: बरं, एका वर्षाची वर्गणी भरेन. आजीव वर्गणीला मात्र माझा विरोध कायम. एकदाच घेतलेली रक्कम संपून जाते, कागद आणि टपाल महागत राहतं, अंक मात्र जन्मभर पाठवावा लागतो. मासिक जगावं असं वाटत असेल तर दरवर्षी भरा, आणि अंक घसरला की संपादकांना तसं पत्रही लिहा.