रिमॅप केल्यावर ट्रकचं अ‍ॅव्हरेज खरंच वाढतं का?

शिरोलीकर
तळोजा ते शिरोली एमआयडीसी अशी माझी गाडी चालते. जाताना फाउंड्रीचं स्क्रॅप, येताना मिळेल तो माल. ट्रक २५१८, बीएस-४ म्हणजे बीएस-६च्या आधीच्या प्रदूषण नियमाचा, कॉमन रेल म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून जास्त प्रेशरचं डिझेल. नावातच सगळं आहे, २५ टन आणि १८० घोडे. दोन महिन्यांपूर्वी ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, रिमॅप करून घेतला, म्हणजे त्यातली प्रोग्रामची फाइल बदलली. करणारा म्हणतो २१०च्या पुढे गेलीय. आधी बोरघाटात तिसऱ्यात रांगायची, आता चौथ्यात चढते. ओबीडीला (ईसीयूचे आकडे वाचायच्या सॉकेटला) लावलेल्या ट्रॅकरवर अ‍ॅव्हरेज लिटरला ४.१ किलोमीटरचं ४.६ झालंय. सगळे सांगत होते, पॉवर वाढवली की डिझेल पिणार. इथे उलटंच दिसतंय. ज्यांनी केलंय त्यांनीच बोला, ऐकीव नको.

मिस्त्री_नोझल
दादा, ट्रॅकर डिझेल मोजत नाही हो! इंजिनात डिझेल सोडणारं नोझल किती वेळ उघडं राहिलं, रेलमध्ये प्रेशर किती होतं, यावरून ईसीयू हिशेब मांडतो आणि ट्रॅकर तोच आकडा वाचतो. चिपचा डबा लावणारे काय करतात? प्रेशर आहे त्यापेक्षा कमी आहे असं ईसीयूला भासवतात. तो बिचारा प्रेशर वाढवतो, डिझेल जास्त जातं, हिशेबात मात्र कमीच. ४.६ कुठून आलं ते यातच शोधा.

पूर्वी आम्ही मेकॅनिकल पंपाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून द्यायचो. गाडी पळायची आणि मागून काळा धूर. काळं म्हणजे नीट न जळलेलं डिझेल, मालकाच्याच पैशाचं. तेव्हा निदान दिसायचं तरी.

शिरोलीकर
मिस्त्री, डबा नाही लावला, फाइल बदललीय. धूरही नाही.

मिस्त्री_नोझल
फाइलमध्येही नोझलचा तक्ता, किती वेळात किती डिझेल जातं तो, हलवता येतो. टाकी गळ्यापर्यंत भरा, खेप करा, त्याच पंपावर परत गळ्यापर्यंत भरा. मग बोलू.

घाटवाट
थोडा हिशेब मांडतो, कंटाळा आला तर सोडून द्या. २५ टन ५०० मीटर वर न्यायचे तर साधारण १२२ मेगाज्यूल लागतात. लिटरभर डिझेलमध्ये ३६ असतात, त्यातले इंजिन फार तर ४० टक्के कामाला लावतं. म्हणजे नुसत्या चढाचे साडेआठ लिटर. १८० घोडे असोत की २१०, चढाचं काम तेवढंच. फक्त लवकर उरकतं.

तरी शिरोलीकर अगदीच चुकीचे नाहीत. तिसऱ्याऐवजी चौथ्यात चढली की आरपीएम उतरतो, इंजिनाच्या आतल्या घर्षणात जाणारं डिझेल वाचतं. थोडं. अर्धा किलोमीटर मला पटत नाही.

खातेवही
आमच्या तीन गाड्या. डिझेलची नोंद मी वहीत करते, लिटर आणि किलोमीटर, ट्रॅकर नाही. एक गाडी रिमॅप केली होती. पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्यात चालकाला पिकअपची चटक लागली. सपाटीला साठवर चालणारी गाडी पंच्याहत्तरला धरायला लागला. अ‍ॅव्हरेज आधीच्याही खाली. वर क्लच प्लेट वेळेआधी गेली, तो खर्च कोणी धरत नाही. आम्ही जुनी फाइल परत टाकली.

घाटवाट
ताई, बरोबर. साठची पंच्याहत्तर केली की हवेचा रोध दीडपटीच्या वर जातो. घाटात वाचवलेलं साताऱ्याच्या पुढे सपाटीवरच उडतं.

शिरोलीकर
ताई, माझी गाडी मीच चालवतो. साठला धरतो, ती खोड मला नाही. एवढंच होतंय की घाटात मागच्यांचे हॉर्न बंद झालेत 😄

बारा_टायर
मग नवीन बीएस-६चं पण उरका. धूर साफ करायला लागणारा युरियाच बंद करून टाकायचा, तोही खर्च वाचतो.

मिस्त्री_नोझल
अजिबात नको. इंजिनात डिझेल जरा उशिरा सोडलं की नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात, पण अ‍ॅव्हरेज पडतं. युरियाची यंत्रणा ते ऑक्साइड सायलेन्सरमध्ये मारते, म्हणून कंपनीला डिझेल सोडायचं टायमिंग लवकरचं ठेवता येतं. म्हणजे युरियाच्या जोरावर अ‍ॅव्हरेज आधीच मिळालेलं आहे. बंद करून डिझेल वाचणार नाही, फक्त युरिया वाचेल आणि विषारी धूर मागच्याच्या नाकात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल चालत नाहीत.

बारा_टायर
रस्त्यावर कोण बघतंय मिस्त्री.

खातेवही
अपघात झाला की विमावाले बघतात.

शिरोलीकर
ठीक. गुरुवारी तळोज्यात टाकी गळ्यापर्यंत भरतो, परत आल्यावर त्याच पंपावर, त्याच नोझलने. दोन्ही बिलांचे फोटो टाकतो.

घाटवाट
वजनकाट्याची पावती पण. आणि येताना रिकामे आलात तर ती खेप धरू नका.