मदत हवी आहे: डिक ग्रेसन बॅटमॅन होतो, ते कुठून वाचायला घेऊ?

मंडळी, मूळ बॅटमॅन ब्रूस वेन गेला असं समजून त्याचा जुना साथीदार डिक ग्रेसनला बॅटमॅन व्हावं लागतं, ती २००९ ची कॉमिक्समधली गोष्ट क्रमानं वाचायचीय. गड्याला ती गादी नकोच असते. नाइटविंग या स्वतःच्या वेगळ्या नावानं बरं चाललेलं, त्यात रॉबिन (बॅटमॅनचा जोडीदार) कोण, तर ब्रूसचा आगाऊ पोरगा डेमियन! (आपल्या वेताळाचं बरं, एकविसाव्या पिढीपर्यंत बापाचा मुखवटा पोराला.) ‘बॅटल फॉर द काऊल’ आधी वाचू, की थेट ‘बॅटमॅन अँड रॉबिन’? ब्रूस जातो ती आधीची मालिका ‘फायनल क्रायसिस’ सोडली तर काही अडतं का? आणि कोल्हापुरात, राजारामपुरी किंवा महाद्वार रोडच्या बाजूला, जुने इंग्रजी कॉमिक्स कोण ठेवतं का? नव्या प्रतींचे दर बघून घाम फुटला राव. शेवट मात्र कुणी सांगू नका.