वादळात तुमच्या घरी काय झालं? पाणी, जेवण, औषधं... लिहा

वाडीतली_सून
काल रात्री पुण्यात वारा सुटला आणि समोरच्या गॅरेजचा पत्रा वाजायला लागला. मी उठून घरातल्या सगळ्या बादल्या भरल्या. नवरा म्हणाला, अगं नळाला पाणी आहे. असू दे.

३ जून २०२०, दिवेआगर. लॉकडाउनमुळे मार्चपासून सासरीच होतो. निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा सात माणसं देवघरात बसलो, स्लॅब तेवढ्याच खोलीला. कौलं एकेक सुटून अंगणात फुटत होती. वारा पडल्यावर मागचं दार उघडलं तर थेट समुद्र दिसला. लग्न होऊन आल्यापासून त्या दारातून मी समुद्र पाहिला नव्हता, मध्ये पोफळी आणि माड होते. सासरे काही बोलले नाहीत, नुसते उंबऱ्यावर बसून राहिले.

पण मला सांगायचंय ते पाण्याचं. विहिरीत पाणी होतं, पंप होता, वीज नव्हती. आमच्या आळीत ती महिन्याने आली. रहाट पंप बसवला तेव्हाच भंगारात गेलेला. सासूबाई तेव्हा नको म्हणाल्या होत्या. शेवटी गुरांची तीन दावी एकमेकांना गाठून कळशी सोडली. पाण्यावर पानं, कौलांचा चुरा. जुनं धोतर चौपदरी करून गाळायचं, मग उकळायचं. सरपण सगळं भिजलेलं. सासूबाईंनी वादळाच्या आदल्या रात्री पोतंभर नारळाची सोडणं पलंगाखाली सरकवली होती, त्यावर पहिला भात शिजला.

तुमच्याकडे काय झालं?

मुरुडची
पीठ!! कोणाच्या लक्षातच येत नाही. तांदूळ डब्यात भरपूर, पण गिरणी विजेवर. सतरा दिवस भाकरी नाही. मग आजीने माळ्यावरचं जातं काढलं. दोघी बसलो तरी तासाभरात चार भाकऱ्यांपुरतं पीठ निघे. हाताला फोड आले पण ती भाकरी.. जाऊ दे, आता रडू येईल.

ह्यूस्टनकर
आमच्याकडे ऑगस्ट २०१७, हार्वी वादळ. इथे वादळाची बातमी आली की आधी बाथटब भरतात. प्यायला नाही, फ्लशसाठी. मला तेव्हा वेड वाटलं होतं. दुकानात पाणी आणि ब्रेड संपलेले, पण रवा, पोहे, डाळी आमच्या घरात होत्या, गॅसची शेगडी होती. शेजारची दोन अमेरिकन कुटुंबं चार दिवस आमच्याकडे खिचडीवर होती. धरणांचं पाणी सोडल्यावर पलीकडच्या वस्तीत घरात शिरलं, आम्ही थोडक्यात वाचलो.

जुलै २०२४ ला बेरिल आलं तेव्हा पाऊस त्या मानाने कमी, पण वीज गेली आणि वर तो उन्हाळा. एक युक्ती सांगते: फ्रीजरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करायचा आणि त्यावर नाणं ठेवायचं. घर सोडून गेलात आणि परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर सगळं वितळून पुन्हा गोठलंय. आतलं टाकून द्या. आणि जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही लावू नका. धुराने माणसं झोपेतच दगावतात.

वाडीतली_सून
@ह्यूस्टनकर नाण्याचं नवीनच कळलं. धन्यवाद गं.

श्री_वर्धन
वडिलांचं इन्सुलिन. फ्रीज बंद, दुकानं बंद, रस्त्यावर झाडं, फोनला रेंज नाही. आईने नवा माठ ओल्या वाळूत ठेवला, बाटल्या पिशवीत बांधून आत लहान भांड्यात. आठ दिवस तसं काढलं. नंतर डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले बरोबर केलंत. तेव्हापासून मे संपायच्या आत महिन्याची औषधं जास्तीची आणून ठेवतो.

सिस्टर_ताई
ड्युटीवर होते तेव्हा. वादळात लागलेल्यांपेक्षा नंतर कौलं चढवताना पडलेले जास्त आले. आणि पत्र्याने कापलेले, खिळे रुतलेले. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लोक टाळाटाळ करायचे, "एवढंसं तर आहे". विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या, तरी प्यायचं पाणी उकळाच. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो. कामावरून लिहितेय, नंतर येते.

पोफळी
नुकसानभरपाईचं कोणी बोलेल का? बागायतीला हेक्टरी ५० हजार जाहीर झाले. आमच्याकडे बाग मोजतात गुंठ्यात! म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. पडलेली पोफळ तोडून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त. रोठा सुपारीचं झाड लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर घर कशावर चालवायचं?

मुरुडची
@पोफळी अगदी. आमचे काका त्यानंतर वाडीत जातच नाहीत.

देवगडहून
थोडं वेगळं. डिसेंबर २०१७, ओखी. केरळ, तमिळनाडूच्या बोटी आमच्या बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. किती दिवस घरच्यांशी बोलणं नाही त्यांचं. भाषा कळेना. आमच्या बाबांनी एकाला फोन दिला, त्याने नंबर लावला आणि पलीकडून आवाज आल्यावर तो जेटीवरच खाली बसला. फयान वादळाच्या वेळी, २००९ ला, आमच्याही ओळखीचे परत आले नव्हते. म्हणून बाबा रोज बंदरावर जायचे, भात-आमटीचा डबा घेऊन.

ह्यूस्टनकर
🙏

श्री_वर्धन
@वाडीतली_सून रहाट परत बसवलात का?

वाडीतली_सून
हो, त्याच दिवाळीत. लाकडी कोणी करून देईना, लोखंडी कप्पी बसवली. दोर मात्र सासूबाईंनी काथ्याचाच आणायला लावला, नायलॉनने हात कापतो म्हणून. दर मेमध्ये त्या स्वतः एक कळशी ओढून बघतात.

मुरुडची
काथ्याचा दोर कुठे मिळाला? आमचा कुजलाय.

वाडीतली_सून
म्हसळ्याच्या बाजारात. थांब, दुकान विचारून सांगते.