गिरण्यांचा पैसा खरा, पण पिठाच्या गिरण्यांचा

इंग्लंडमधलं मँचेस्टर ग्रामर स्कूल, म्हणजे मुळात लॅटिन शिकवणारी शाळा, कापड गिरण्यांच्या पैशातून उभं राहिलं, असं कुणी म्हणेल. शाळा त्याच्या कितीतरी आधीची आहे. एक्झेटर शहराचा बिशप (ख्रिस्ती धर्माधिकारी) ह्यू ओल्डम यानं ती १५१५ साली काढली, तेव्हा मँचेस्टर नुसतं बाजाराचं गाव होतं.

खर्चाची सोय मात्र बघण्यासारखी. इर्क नदीवरच्या पाणचक्क्या शाळेच्या नावे लावून दिल्या. गावकऱ्यांनी धान्य तिथंच दळायचं, असा जुना जहागिरी हक्क होता, म्हणजे प्रत्येक घरातल्या पिठातून शाळेला वाटा. त्या काळी मास्तर मुलांकडून कोंबड्यांच्या झुंजीसाठी 'कॉक-पेनी' उकळत. इथल्या नियमांत असल्या वसुलीला साफ बंदी होती. गरिबाच्या पोराला लॅटिन फुकट मिळावं म्हणून एवढा बारकाईनं विचार झालेला पाहिला की मला ओल्डमबद्दल फार आदर वाटतो.

पण गाव वाढलं, तशी तीच सक्ती लोकांना जाचू लागली. एवढ्या तोंडांचं दळण त्या चक्क्यांना झेपणार कसं? अठराव्या शतकाच्या मध्यावर कायदा होऊन धान्य मोकळं झालं. माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य, दळायचा मक्ता तेवढा शाळेकडे राहिला, आणि बिअर पिणाऱ्या त्या गावात तो चांगलाच फळला.