गच्चीचं पाणी विहिरीत सोडायचंय: एक शोषखड्डा पुरेल का?

आडावरचा

नमस्कार मंडळी. वसाहतीत चार इमारती आहेत, प्रत्येकीची सपाट गच्ची साधारण ४०० चौ.मी. दर गच्चीला १०० मिमीचे सहा उभे पाइप, सगळे खाली फरशीवर मोकळे सोडलेले. वर्षाचा पाऊस सरासरी ९०० मिमी. मधोमध सामाईक विहीर, व्यास ३ मी., खोली ११ मी. उन्हाळ्याच्या शेवटी दोन महिने ती तळ दाखवते आणि पावसाळ्यात तिच्याच शेजारी आवारात घोटाभर पाणी साचतं.

कंत्राटदाराचा प्रस्ताव असा: १.५ × १.५ × २ मी. मापाचा एक शोषखड्डा खणून दगडगोट्यांनी भरायचा, चारही गच्च्यांचं आणि आवाराचं पाणी त्यात आणायचं, खड्डा भरला की जास्तीचं पाणी पाइपने थेट विहिरीत.

हे पुरेल का? गाळणी नेमकी कशी करायची? आणि पुढे देखभाल कोणी करायची? बैठकीत या शेवटच्या प्रश्नावर सगळे गप्प होतात.

मोजपट्टी

आधी आकडे मांडू. १ चौ.मी.वर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. गच्ची भिजण्यात, उडण्यात आणि वाफेत १५ टक्के धरून सोडा. चार गच्च्यांचं वर्षाचं पाणी १६०० × ९०० × ०.८५, म्हणजे सुमारे १२ लाख २४ हजार लिटर. कंत्राटदार हाच आकडा दाखवतो, तो बरोबरही आहे आणि ऐकायला छान वाटतो.

पण खड्ड्याला वर्षाच्या पावसाशी देणंघेणं नसतं, त्याची गाठ एका सरीशी पडते. ताशी ५० मिमीची सर धरा. चार गच्च्यांवरून तासाला ६८,००० लिटर उतरेल, सेकंदाला जवळजवळ १९ लिटर. तुमचा खड्डा ४.५ घ.मी.चा. गोट्यांनी भरल्यावर मोकळी जागा ३५ ते ४० टक्केच उरते, म्हणजे १,७०० लिटरच्या आसपास. तो दीड मिनिटात भरतो! जमिनीने ताशी २५ मिमी वेगाने पाणी शोषलं तरी तळ आणि चार भिंती मिळून तासाला ३५० लिटर मुरतील. आत येणार ६८,०००, मुरणार ३५०. बाकीचं सगळं न गाळता विहिरीत. त्यात आवाराचं पाणीही आहे, म्हणजे गाड्यांचं तेल आणि कुत्र्यामांजरांची विष्ठा.

थोडक्यात प्रस्तावातला "जास्तीचं पाणी" हाच खरा प्रवाह आहे, आणि त्याला गाळणीच नाही.

खड्डा खणण्याआधी जमिनीची चाचणी घ्या. जिथे आणि जितक्या खोलीवर खड्ड्याचा तळ येणार, तिथे ३० × ३० सें.मी.चा लहान खड्डा करून पाण्याने भरा आणि रात्रभर भिजू द्या. सकाळी पुन्हा भरून पातळी तासाला किती मिमी उतरते ते पट्टीने मोजा. कोरड्या मातीत पहिल्यांदा मोजलेला आकडा नेहमी फसवा असतो, माती आधी स्वतःची तहान भागवते. १२-१३ मिमीपेक्षा कमी भरलं तर तिथे शोषखड्डा करू नका. शिवाय इमारतीच्या पायापासून किमान ३ मी. आणि सेप्टिक टँकपासून किमान १५ मी. अंतर हवं. भर पावसाळ्यात भूजल जिथवर वर येतं, त्याच्या निदान १ मी. वर खड्ड्याचा तळ असावा, नाहीतर मुरायला जागाच नाही.

जाता जाता: १०० मिमीचा उभा पाइप ताशी ५० मिमीच्या सरीत सुमारे ८५ चौ.मी. गच्ची सांभाळतो, १०० मिमीच्या सरीत जेमतेम ४२. तुमचे सहा पाइप साध्या सरीला पुरतात. ढगफुटीसारख्या पावसात गच्चीवर तळं होणार, तेव्हा कठड्यातून जास्तीचं पाणी बाहेर पडायला भोक आहे ना, ते बघा.

गाळणी

मोजपट्टींशी सहमत. माझा सल्ला: पहिल्या वर्षी चारही गच्च्यांच्या मागे लागू नका. विहिरीला सगळ्यात जवळच्या इमारतीचे तीनच पाइप घ्या, म्हणजे अंदाजे २०० चौ.मी. तेवढ्यानेही वर्षाला दीड लाख लिटर मिळतं आणि चुका आवाक्यात राहतात.

सुरुवात गच्चीवरून. कोरड्या दिवशी तिन्ही पाइपांच्या तोंडाशी उभं राहा. पाणी टपकत असेल, साबणाचा फेस दिसत असेल, तर कुणीतरी वॉशिंग मशीनचा किंवा बाल्कनीचा नळकांडा या पाइपात खोचलाय. हा प्रकार सर्रास आढळतो. तो काढल्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

मग पहिलं पाणी वेगळं काढायची सोय. पहिल्या १ मिमी पावसात धूळ, शेवाळ आणि पक्ष्यांची घाण उतरते. २०० चौ.मी.ला ते २०० लिटर होतं. लोक एक मीटर पाइपाचा तुकडा लावून "फर्स्ट फ्लश बसवला" म्हणतात. ११० मिमीच्या पाइपात मीटरला नऊ लिटरही मावत नाहीत. सरळ २०० लिटरचा झाकणबंद पिंप घ्या. पिंप भरला की आतला तरंगता चेंडू तोंड बंद करतो आणि पाणी पुढे वळतं. पिंपाच्या बुडाशी ३ मिमीचं भोक ठेवा, म्हणजे सहा-सात तासांत तो आपोआप रिकामा होऊन पुढच्या सरीला तयार राहतो. नुसती तोटी ठेवली तर ती उघडायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. मात्र हे भोक कचऱ्याने बुजतं, त्याच्यावर आतून जाळी हवी.

पुढचा आडवा पाइप १६० मिमीचा, उतार १०० ला १. मग गाळ बसायला १ × १ × १ मी.ची टाकी. तिच्यातून बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतल्या बाजूने खाली वाकलेला एल्बो लावा, म्हणजे तरंगती पानं टाकीतच अडकतात.

नंतर गाळणीचा हौद, १.५ × १.५ मी., खोली १.२ मी. तळाशी ४० सें.मी. मोठे गोटे (५ ते १० सें.मी.चे), त्यावर ३० सें.मी. खडी (५ ते १० मिमी), त्यावर नायलॉनची बारीक जाळी आणि सगळ्यात वर ३० सें.मी. जाड वाळू (१.५ ते २ मिमी). वरचे २० सें.मी. रिकामे. वाळू वर असण्याला कारण आहे: गाळ तिच्याच पाठीवर साचतो आणि फावड्याने खरवडता येतो. हाच क्रम उलटा केला की गाळ तळात जातो आणि हौद पूर्ण उपसावा लागतो. जाळी विसरलात तर वाळू खडीत झिरपते आणि दुसऱ्या पावसाळ्यात विहिरीत वाळूचा ढीग दिसतो. पाणी जिथे पडतं तिथे वाळूवर एक सपाट फरशी ठेवा, नाहीतर धार वाळूत भोक पाडून थेट खडीत उतरते.

वाळू घेताना: मूठभर वाळू काचेच्या बाटलीत घालून पाणी भरा, जोरात हलवा, तासभर ठेवा. वाळूवर मातीची स्पष्ट साय धरली तर तो माल धुतल्याशिवाय हौदात नको.

ताशी ५० मिमीच्या सरीत या तीन पाइपांतून ८,५०० लिटर येईल. हौदाच्या दर चौ.मी.ला ताशी चार हजाराच्या आत बसतं, स्वच्छ वाळू तेवढं सहज झेलते. हौदाचा सांडवा रिकाम्या भागात काढा आणि बाहेरच्या गटाराकडे न्या. विहिरीकडे नाही.

रहाट

विहिरीत उतरणारा पाइप काठावरून धबधब्यासारखा सोडू नका. भिंतीची माती खचते, तळाचा गाळ ढवळतो आणि पाण्याबरोबर हवेचे बुडबुडे आत जाऊन झिरपायच्या वाटा अडवतात. पाइप तळापासून मीटरभर वर न्या, टोकाला एल्बो लावा, भिंतीला पट्ट्यांनी बांधा.

आणि गाळणीतून आलं म्हणजे पाणी प्यायला चाललं, असं नाही. वाळूची अशी गाळणी गाळ अडवते, जंतूंची हमी देत नाही. टीडीएस मीटरवर आकडा कमी आला की लोक खूश होतात. तो मीटर विरघळलेले क्षार दाखवतो, जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. प्यायचं असेल तर प्रयोगशाळेत तपासणी करा, १०० मिलि.मध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) शून्य हवेत.

क्लोरीनचा हिशोब असा. व्यास ३ मी., पाणी ४ मी. खोल असेल तर ३.१४ × ३ × ३ × ४ ÷ ४ = २८.३ घ.मी., म्हणजे २८,३०० लिटर. ३३ टक्के क्लोरीनची ताजी ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम या हिशोबाने ७० ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करा, पाणी वाढवा, ५ ते १० मिनिटं ठेवा. चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. चुन्याचा साका विहिरीत टाकू नका, पाणी जड होतं. निवळ पाण्याची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. तासाभराने शिल्लक क्लोरीन लिटरला ०.५ मिग्रॅ. यायला हवा. पाणी गढूळ असलं की हा डोस कमी पडतो, आणि उघड्या डब्यात महिनोन्‌महिने पडलेली पावडर जवळजवळ निकामी असते.

एक धोका. गाळ काढायला कुणाला विहिरीत उतरवायचं असेल तर पेट्रोलवरचा पंप आत किंवा अगदी काठावर ठेवू नका. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड विहिरीत कोंडून राहतो, त्याला वास नसतो. आत दिवा जळतोय म्हणून हवा ठीक आहे, हा समजही चुकीचा. हे काम साधनं असलेल्या माणसांकडूनच करून घ्या.

आडावरचा

सगळ्यांचे आभार. चाचणी केली. १.८ मी. खोलीवर पिवळी चिकणमाती लागली, भिजवल्यानंतर तासाला ८ मिमी. म्हणजे शोषखड्डा बाद. मग आवारातल्या घोटाभर पाण्याचं काय करायचं? शिवाय वसाहतीत एक जुना बोअर आहे. त्याच्या केसिंगला (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपाला) भोकं पाडून भोवती गोटे भरले की पुनर्भरण होतं, असं एक सदस्य म्हणतात.

वाळा

आवाराचं पाणी कुठल्याही परिस्थितीत विहिरीत किंवा बोअरमध्ये नको, हे आधी ठरवून टाका. ८ मिमीच्या मातीत उथळ आणि पसरट जागाच चालते. आवाराच्या सखल कडेला १५ सें.मी. खोल पसरट खाचर करा. माती ३०-४० सें.मी. उकरून तिच्यात जाड वाळू आणि कुजलेलं खत मिसळा. क्षेत्रफळ पाणी येणाऱ्या जागेच्या एक-दशांश ते एक-पंचमांश. कडेने वाळा, मध्ये कर्दळ. दोन्ही काही काळ ओलीत तग धरतात.

तुमच्या मातीत १५ सें.मी. पाणी मुरायला १९ तास लागतील, ते चालेल. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा लागतो, त्यामुळे दोन दिवसांत आटणाऱ्या पाण्याची भीती नाही. भीती आहे ती उघड्या पिंपाची आणि गाळाच्या टाकीची. तिथे घट्ट झाकण आणि १ मिमीची जाळी.

खाचराचा सांडवा पायाच्या उलट दिशेला काढा. फरशी बदलायची वेळ आली की सांध्यात सिमेंट न भरता बारीक खडी भरा.

गाळणी

बोअरचं म्हणाल तर मी विरोधात आहे. केसिंग असतं ते वरचं घाण पाणी आत जाऊ नये म्हणून. त्यालाच भोकं पाडली की सगळी भिस्त भोवतालच्या गोट्यांवर, आणि गोटे काही गाळत नाहीत. बारीक गाळ खडकातल्या फटीत बसला तर बोअर कायमचा मंदावतो. विहिरीतला गाळ निदान उपसता येतो.

मोजपट्टी

एक मुद्दा बैठकीत आधीच सांगून ठेवा. विहिरीचं क्षेत्रफळ ७ चौ.मी., म्हणजे ७,००० लिटर गेलं की पातळी मीटरभर चढेल. दोन दिवसांनी ती परत उतरलेली दिसेल आणि कुणीतरी म्हणेल "पाणी गेलं कुठे?" ते आजूबाजूच्या थरात गेलं, तेच तर हवं होतं. पण तो थर शेजाऱ्यांचाही आहे. त्यांचा पंप रात्रभर चालत असेल तर तुमचं पाणी तिकडे ओढलं जाईल. शेजारच्या दोन-तीन आवारांनाही यात ओढा, आणि उन्हाळ्यात पंप किती तास चालवायचा हे त्यांच्याशी बोलून ठरवा.

देखभालीचं: "समिती बघेल" असं लिहिलंत की कुणीच बघत नाही. प्रत्येक कामापुढे दोन नावं लिहा, एक मुख्य आणि एक बदली. पावसाआधी गच्ची झाडणं, जाळ्या आणि पिंपाचं भोक तपासणं. पहिल्या तीन मोठ्या सरींनंतर गाळाची टाकी उपसणं. हौदात पाऊस थांबल्यावर तासभर पाणी उभं राहिलं तर वाळूचा वरचा ५ सें.मी. थर खरवडून, धुऊन परत पसरणं. दर रविवारी सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी, वजन बांधलेल्या खुणेच्या दोरीने विहिरीची पातळी मोजणं. पाऊस मोजायला सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवला तरी पुरे, आत जितके मिमी पाणी तितके मिमी पाऊस.

आडावरचा

गाळणीच्या हौदाला वरून झाकण घालायचं का? उघडा ठेवला तर पानं पडतील, झाकला तर कुणी बघणार नाही.

गाळणी

झाका, पण काँक्रीटचा अखंड स्लॅब नको, तो उचलायला चार माणसं लागतात आणि मग तो कधीच उचलला जात नाही. लोखंडी चौकटीवर जाळी, दोन भागांत, एका माणसाला उचलता येईल इतकी. कुलूप लावा, आणि किल्ली ज्याचं नाव वाळूच्या कामापुढे आहे त्याच्याकडेच ठेवा.